मान कोरून मिळेल

साकीनाक्याच्या ज्या गल्लीत एका बाजूला स्प्रिंगा बनतात आणि दुसऱ्या बाजूला लिफ्टच्या जाळ्या, त्या गल्लीच्या मधोमध जयवंत मेस्त्रींचा गाळा आहे. तिथे मान मिळतो. सकाळी सांगितला तर संध्याकाळी तयार असतो. फारच घाई असेल तर तासाभरातही देतात, फक्त मग अक्षरं हाताला थोडी गरम लागतात.

गाळ्यात भिंतभर ट्रॉफ्या, पितळी कप, ॲक्रिलिकचे तारे आणि लाकडी ढाली मांडलेल्या आहेत. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या टापूत कुणाचाही सत्कार झाला, की ती वस्तू बहुतेक याच गाळ्यातून गेलेली असते. आणि उपनगरात सत्काराला तसं कारण लागत नाही. हॉल रिकामा असला की पुरतं.

जयवंतांचे वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी एकच गोष्ट मनावर घेतली, पोराला बी.कॉम. करायचं. पोरगा झाला. बँकेच्या परीक्षाही दिल्या, पण बँकांनी काही त्याला मनावर घेतलं नाही. तेव्हा कॉलेजात एकाच बाकावर बसणारा प्रबुद्ध गांगुर्डे म्हणाला, "माझ्या हातात कोरीवकाम आहे, तुझ्या तोंडात गोडवा आहे. दोघं मिळून एक अख्खा माणूस होईल." तेव्हापासून दोघांची भागीदारी. जयवंत काउंटरवर, प्रबुद्ध आत मशीनवर. आधी हाताने चालवायचं मशीन होतं, आता लेझरचं आहे. माणसं तीच राहिली. दोघांचे केस पिकले, दोघांना चष्मे लागले, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला 'तुम्ही' म्हटलेलं त्या गल्लीने ऐकलेलं नाही.

जयवंतांना शब्दांचा नाद लागला तो कॉमर्समुळेच. निवृत्तीच्या पाट्यांवर 'ॲप्रिशिएशन' हा शब्द हटकून असतो. एकदा पाटीचा मजकूर तपासताना ते थबकले. कॉमर्सच्या माणसाला हा शब्द वेगळाच माहीत असतो. जमिनीचं ॲप्रिशिएशन होतं, मशीनचं डेप्रिशिएशन होतं. मग पस्तीस-चाळीस वर्षं घासून घासून झिजलेल्या माणसाचं नेमकं शेवटच्या दिवशी ॲप्रिशिएशन कसं होतं? हिशेब जुळेना. घाटकोपरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना विटेएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी मिळाली. प्रत्येक शब्द कुठून आला, तेही त्यात दिलेलं होतं. तीत त्यांनी पाहिलं, तर मूळ लॅटिन अर्थ निघाला किंमत ठरवणे. ओळ पुढे वाचली, तर प्राइस, प्राइझ आणि प्रेझ हे तिन्ही शब्द एकाच आईची लेकरं निघाली. बाजारभाव, बक्षीस आणि स्तुती, सगळी भावंडं. एस्टीम आणि इस्टिमेट ही तर सख्खी निघाली. एकाने घरात आदर करायचा, दुसऱ्याने रंगकामाचा अंदाज काढायचा.

जयवंतांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. इतकी वर्षं आपण मान विकतोय असं त्यांना वाटत होतं, आणि इथे तर दर शब्दाच्या खाली एक चोरकप्पा होता.

चोरकप्पा सापडला की माणसाला त्यात काहीतरी ठेवावंसं वाटतंच. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "मेस्त्री, काहीतरी भारी इंग्लिश टाका ना. तुम्हालाच कळतं ते." मग जयवंत डोळे मिटायचे, विचार केल्यासारखं करायचे आणि शब्द टाकायचे. भांडुपच्या एका क्रिकेट क्लबच्या अध्यक्षांचं पोट त्यांच्या आधी व्यासपीठावर पोचायचं. त्यांना 'एमिनंट' गेला. मूळ अर्थ, बाहेर आलेला. घाटकोपर स्टेशनजवळ एका खोलीत शंभर पोरं कोंबून अकाउंट्स शिकवणारे एक सर होते. त्यांना 'सेलिब्रेटेड'. मूळ अर्थ, गर्दीचं ठिकाण. कोणतंही काम रांगेत उभं न राहता ओळखीने करून आणणारे एक समाजसेवक होते, त्यांना 'नोबल'. मूळ अर्थ, ओळखीचा. सगळे खूश. ट्रॉफ्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर.

आणि काही मोजक्या लोकांसाठी जयवंतांनी एक शब्द राखून ठेवला होता, 'प्रेस्टिज'. प्रतिष्ठा. पण त्या लॅटिन बाईचं माहेर होतं जादूगाराच्या पेटाऱ्यात. मूळ अर्थ, हातचलाखी, नजरबंदी. मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीचे चेअरमन सीताराम पाटकर यांना तो मिळाला होता. का, ते जयवंतांनी मनातच ठेवलं होतं.

'प्रेस्टिज'चं मूळ जयवंतांनी प्रबुद्धला कधी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं त्याला माहीत होतं, कारण कोरायचं त्यालाच असायचं.

"जया, हे 'नोबल' कोरू?"

"कोर की."

"म्हणजे ओळखीचा ना?"

"ओळखीचा."

"आणि त्याला काय वाटणार?"

"उदात्त." एवढं बोलून जयवंत तोंड फिरवून हसायचे.

"ज्याला मान आयता मिळतो ना, त्यालाच त्याची गंमत सुचते," एकदा प्रबुद्ध मशीनवरची धूळ पुसत म्हणाला.

"तुझं आपलं कायम भाषण! अरे, त्यांना कळत नाही, त्यांचं काही जात नाही. मग वाईट कुणाचं झालं?"

"माझं. हात माझा चालतो."

"बरं बाबा, चहा सांगू?"

चहा यायचा, विषय बुडायचा. भागीदारीत असे बरेच विषय चहात बुडालेले असतात.

हे असंच चालू राहिलं असतं. पण मुलुंडच्या मंडळींनी ठरवलं की उपनगराला मान पुरवणाऱ्या माणसाचाच एकदा सत्कार करावा. ट्रॉफी अर्थातच मेस्त्रींच्याच गाळ्यात सांगितली. आता स्वतःच्या ट्रॉफीवर काय लिहायचं? जयवंतांनी डिक्शनरी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. प्रत्येक शब्दाखाली काय दडलंय ते ठाऊक असलेल्या माणसाने स्वतःसाठी शब्द निवडणं म्हणजे आचाऱ्याने स्वतःच्या लग्नात जेवण्यासारखं. शेवटी वैतागून म्हणाले, "प्रबुद्ध, तूच लिही काहीतरी."

प्रबुद्धने लिहिलं: श्री. जयवंत मेस्त्री, साकीनाका.

"एवढंच?"

"पत्ता बरोबर आहे ना?"

कार्यक्रम मुलुंडच्या त्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, समोर टाळ्या. आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी मान बनवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा त्याची चव लागली. माइक हातात आला तेव्हा जयवंतांना 'आभारी आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण पहिल्या वाक्याला टाळी मिळाली, दुसऱ्याला हशा. मग तोंडाला ब्रेक उरला नाही.

"मंडळी, ट्रॉफी म्हणजे काय माहीत आहे? ग्रीक लोक लढाईत शत्रू ज्या जागी पाठ फिरवून पळाला, तिथे एक खांब उभारायचे. तो खांब म्हणजे ट्रॉफी! तुमच्या घरात ट्रॉफी असेल तर समजा, तुमच्याकडे बघून कोणीतरी पळालंय."

हॉल हसला. सीताराम पाटकर व्यासपीठावर मांडी थापटून हसले. जयवंतांना वाटलं, आता थांबणं म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धाच माल देणं.

"आणि प्रेस्टिज? लॅटिनमध्ये हातचलाखी! जादूगार टोपीतून ससा काढतो ना, त्याला म्हणतात प्रेस्टिज!"

सगळ्यात मोठ्याने पाटकर हसले. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं, लाइट गेल्यावर मिक्सर थांबतो तसं. त्यांना त्यांचा टीव्ही आठवला असावा, आणि टीव्हीवरची ट्रॉफी.

भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी काढलाच होता. जयवंत घरी पोचायच्या आत तो घरी पोचला होता. बायको सुगंधा फोन समोर धरून बसली होती. रागावली की ती मुंबई सोडून थेट मालवणात उतरते.

"तुमका कोणी सांगल्यान होतां तोंड उघडूक? शाल घेवची, नारळ घेवचो आणि गप घराक येवचां. आता ह्या नारळाचो काय तो रस करा आणि पिया!"

दुसऱ्या दिवशी गाळ्यासमोर रांग लागली. जो तो आपापली ट्रॉफी घेऊन आलेला. कुणी पिशवीतून, कुणी पोटाशी धरून, एक जण चक्क बाळासारखी टॉवेलमध्ये गुंडाळून. प्रश्न एकच, "माझ्यावर काय लिहिलंय रे?"

भांडुपचे अध्यक्ष म्हणाले, "एमिनंट म्हणजे काय ते आत्ताच्या आत्ता सांगा."

जयवंतांनी त्यांच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणाकडे बघायचं टाळलं. "पुढे आलेलं व्यक्तिमत्त्व."

"मग ठीक आहे," म्हणत ते वळले, आणि वळताना काउंटरवरचे दोन कप त्यांच्या पुढे आलेल्या व्यक्तिमत्त्वाने खाली पाडले.

क्लासवाल्या सरांना मात्र गोल गोल उत्तर चालेना. त्यांनी स्वतः फोनवर शोधून आणलं होतं. "गर्दी? मेस्त्री, मी मुलांना अकाउंट्स शिकवतो!"

"सर, गर्दी आहे म्हणूनच ना नाव आहे तुमचं."

"पंखे वाढवतोय मी! सांगून ठेवतो!" असं म्हणून ते गेले. पोरांना पंखे तरी मिळाले.

बोरिवलीच्या रुचिरा सामंत, एका वाचनालयाच्या निवृत्त ग्रंथपाल, त्या तेवढ्या लाजत आल्या. त्यांच्या ट्रॉफीवर 'रिस्पेक्ट' होता. जयवंतांनी खरं सांगितलं, मूळ अर्थ, पुन्हा वळून पाहणे.

"म्हणजे मागे वळून बघावं अशी?"

"अगदी तशी, मॅडम."

बाई ट्रॉफी छातीशी धरून तरंगतच रिक्षात बसल्या. रांगेत हशा पिकला. जयवंतांना वाटलं, चला, एवढं वाईट काही झालेलं नाही.

तेवढ्यात आतलं मशीन बंद झालं. रोज कानात असणारी घरघर थांबली की गाळा कसा रिकामा वाटतो. प्रबुद्ध दारात येऊन उभा राहिला.

"जया, माझ्या आईच्या कपावर काय आहे?"

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रबुद्धची आई शेवंतीबाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. शिकवलेल्या मुलींनी वर्गणी काढून त्यांना पितळी कप दिला. मजकूर जयवंतांनी लिहिला होता आणि त्या वेळी माहीत असलेला सगळ्यात भारी शब्द त्यात घातला होता. 'अ लेडी ऑफ प्रेस्टिज'. डिक्शनरी पुष्कळ नंतर आली.

"तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं रे."

"ठाऊक कधी झालं?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी? काल नाही ना?"

जयवंत काउंटरवरचे कप सरळ करू लागले. शब्दाचा अर्थ वाचला त्याच दिवशी त्यांना तो कप आठवला होता. मग त्यांनी ठरवलं होतं की विचारल्याशिवाय सांगायचं नाही. लेखापरीक्षणातला हा जुना नियम त्यांना तेव्हा फार सोयीचा वाटला होता.

"एवढी वर्षं तू तो शब्द चोरांना वाटत होतास," प्रबुद्ध म्हणाला, "आणि मी तो कोरत होतो. आणि माझ्या घरात तोच. माझ्या आजीला पाणी वरून ओतायचे, जया. तिच्या लेकीला त्या कपाने पहिल्यांदा सगळ्या शाळेसमोर खुर्ची मिळाली." आवाज चढला नव्हता. त्याने ॲप्रन काढला, घडी घातली, मशीनवर ठेवला. "मरोळला एक गाळा रिकामा आहे. मी बघून येतो."

रांगेतलं कुणी हसलं नाही.

पुढचे दिवस जयवंत काउंटरवर बसून राहिले. ऑर्डरी येत होत्या. बदली कारागीर मिळाला असता, साकीनाक्यात कारागिरांचा दुष्काळ नाही. पण चहा सांगताना तोंडातून 'दोन' निघायचं आणि चहावाला दोन ठेवून जायचा. एक गार व्हायचा. प्रबुद्ध परत आला नाही तर गाळा चालेल, पण आपण कुणासाठी चालवायचा, हे त्यांना कळेना. तीन वेळा फोन लावला. तिन्ही वेळा शेवंतीबाईंनीच उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाल्या, "तो घरात नाही, असं सांगतोय."

रविवारी ते कांजूरमार्गला प्रबुद्धच्या घरी गेले. तिथे कचरा डेपोकडचा वारा आला की लोक आधी खिडक्या लावतात, मग बोलतात. शेवंतीबाईंनी खिडकी लावली, जयवंतांना खुर्ची दाखवली. ऐंशीच्या घरातल्या, पाठ ताठ, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. प्रबुद्ध बाहेर गॅलरीत पाठमोरा बसून कढीपत्त्याची कुंडी उगाच इकडून तिकडे करत होता.

"जयभीम बाई," जयवंत म्हणाले.

"जयभीम. व्हिडिओ पाहिला. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर चार जणींनी टाकला. बरा बोलतोस. हात फार हलवतोस."

कप समोरच्या कपाटात होता, चिंचेने घासलेला, लखलखीत. जयवंतांची नजर तिकडे जाईना.

"बाई, तो शब्द मी चुकून लिहिला. त्याचं मूळ चांगलं नाही. मी नवी पट्टी करून आणतो. डिग्निटी लिहितो, किंवा ऑनर. ऑनरच्या मुळात तर काहीच वाईट नाही, ते मूळच कुणाला सापडलेलं नाही."

"मूळ सापडलं नाही म्हणून तो चांगला?"

"तसं नाही, पण..."

"आणि ह्याचं सापडलं म्हणून हा वाईट?" बाईंनी चष्मा काढला. शाळेत बाईंनी चष्मा काढला की पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकायची, असं प्रबुद्ध सांगायचा. जयवंत खुर्चीत मागे सरकले. "एक सांग. तुझ्या त्या पुस्तकात एखादा शब्द असेल, हलक्या घरात जन्मला आणि मोठा झाला असा?"

जयवंतांना आठवायला वेळ लागला नाही. "मार्शल. फौजेतला सगळ्यात मोठा हुद्दा. मूळ अर्थ, तबेल्यात घोड्यांची चाकरी करणारा."

"त्याला सलाम ठोकताना शिपाई विचारतात का, की साहेब, तुमचा बाप लीद काढायचा ना?"

"नाही."

"मग तू का विचारतोस? जन्म कुठला, कूळ कुठलं, आईबाप काय करत होते. अरे, माणसांची कुळी काढणाऱ्यांचा अख्खा पसारा आम्ही मागे टाकून आलो. आणि तू कॉमर्स शिकलेला माणूस सकाळ-संध्याकाळ शब्दांची कुळी काढत बसलास! तुला दुसरा धंदा नाही?"

गॅलरीतली कुंडी हलायची थांबली.

जयवंत म्हणाले, "पण बाई, तुम्हाला राग नाही आला?"

"तुझा कशाला येईल? तुला वाटलं, मान तू दिलास? मान सातवी 'ब'च्या मुलींनी दिला. डब्यातले पैसे वाचवून दिला. तू फक्त अक्षरं पुरवलीस. इस्त्रीवाल्याने म्हणावं का, की नवरदेव मी केला?" आणि मग, ज्या आवाजात वर्गाला सुट्टी सांगतात त्या आवाजात, "पट्टी बदलायची नाही. त्या मुलींनी ती वाचून टाळ्या वाजवल्यात. चहा घेणार का सरबत?"

जयवंतांनी सरबत घेतलं, म्हणजे हातात धरलं. मग गॅलरीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"प्रबुद्ध, बाईंनी मिटवलं."

"आईने तिचं मिटवलं," प्रबुद्ध न वळता म्हणाला. "माझं वेगळं आहे."

"बोल."

"तू ज्यांना हसलास, ते हसण्यासारखेच होते. मला काय माहीत नाही? पण तू त्यांच्या गळ्यात माळ घालून पाठीमागे जीभ दाखवलीस, आणि जीभ दाखवायला माझा हात वापरलास. आमच्या लोकांनी काय काय ऐकलं, पण जे बोलायचं ते समोर उभं राहून बोलले. तुला एखादा माणूस लबाड वाटतो ना? तोंडावर सांग. एकदा. मग बघतो मशीनवर यायचं."

"तोंडावर? गिऱ्हाइकाला?"

"मरोळचा गाळा हवेशीर आहे," प्रबुद्ध म्हणाला.

"सरबत संपव रे आधी!" आतून बाईंचा आवाज आला. "दोघंही!"

सोमवारी सकाळी प्रबुद्ध गाळ्यावर आला, पण ॲप्रन न घालता, पाहुण्यासारखा स्टुलावर बसला. जयवंतांना वाटलं होतं, लहानशा गिऱ्हाइकापासून सुरुवात करू, कॅरम क्लबाचे सेक्रेटरी वगैरे. पण नशिबाने थेट वरचा माल पाठवला. दारात सीताराम पाटकर, काखेत ट्रॉफी, मागे सोसायटीचे दोन सभासद.

"मेस्त्री," पाटकरांनी ट्रॉफी काउंटरवर आपटली, "सोसायटीत पोरं मला जादूगार म्हणतात. लिफ्टमध्ये शिरलो की विचारतात, काका, ससा कुठाय? हे तुम्ही मुद्दाम केलंत की चुकून?"

'चुकून' हा शब्द जयवंतांच्या जिभेच्या टोकावर आयता बसलेला होता. त्यांनी स्टुलाकडे बघितलं. प्रबुद्ध नखं बघत होता.

"मुद्दाम," जयवंत म्हणाले. आवाज आधी बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले, "मुद्दाम केलं, साहेब."

"काय?"

"माझी मेहुणी तुमच्याच सोसायटीत राहते. तुम्ही दोन वार्षिक सभांत पाण्याची नवी टाकी बांधून झाली म्हणून सांगितलंत. फोटो पण दाखवलात. टाळ्या झाल्या. टाकी नव्हती. फोटो शेजारच्या सोसायटीच्या टाकीचा होता. मला त्याला दुसरा शब्द सुचला नाही."

मागचे दोन सभासद छताकडे बघायला लागले. एकाला खोकला आला, तो खोकल्यासारखा नव्हता. पाटकरांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा, मग नेहमीचा.

"अहो, पण बांधली ना नंतर! तिसऱ्या वर्षी बांधली! स्वतः उन्हात उभा राहून बांधून घेतली, कॉन्ट्रॅक्टर पळाला होता. ते नाही दिसलं तुमच्या मेहुणीला?"

जयवंत गडबडले. ते खरं होतं. मेहुणीने तेही सांगितलं होतं. शब्द भारी जमला म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं.

"दिसलं," ते म्हणाले. "तेही खरं आहे. पट्टी बदलून देतो. तुम्हीच सांगा, कुठला शब्द टाकू?"

पाटकरांनी बराच विचार केला. मग खिशातून फोन काढला, परत ठेवला. "मला आता तुमचा एकही इंग्रजी शब्द नको. घरी नेईन आणि पोरं गुगल करतील."

"मग मराठीत घ्या," स्टुलावरून आवाज आला. प्रबुद्ध उठला होता. "जे केलंत तेच लिहू. कुणी त्याचं मूळ शोधलं तरी टाकीच निघेल."

"हां! हे बरंय. लिहा, टाकी बांधली."

प्रबुद्धने मशीनवरचा ॲप्रन उचलला, झटकला आणि मागे गाठ मारता मारता जयवंतांकडे बघितलं. जयवंतांनी मजकूर टाइप केला, स्क्रीन त्याच्याकडे वळवली. प्रबुद्धने वाचलं, ओठ दाबले आणि कळ दाबली. घरघर सुरू झाली.

पाटकर काउंटरवरून वाकून वाचायला लागले.

"सीताराम पाटकर. टाकी बांधली. उशिरा, पण... अहो, ते 'उशिरा' कशाला? ते काढा!"

"आता नाही होणार साहेब," आतून प्रबुद्ध ओरडला. "मशीन सुरू झालंय."

जयवंतांनी दारातून चहावाल्याला हाक मारली, "पाच!" मग पाटकरांकडे वळून म्हणाले, "बसा ना. गरम अक्षरं थंड व्हायला वेळ लागतो."